भाकरी नको म्हणणाऱ्या लेकरांसाठी

ताटात भाकरी-भाजी दिसली की तोंड फिरवणारं लेकरू तव्यावरून उतरलेलं धपाटं दह्यात बुडवून मागून खातं. ज्वारी तीच, मेथीही तीच. फरक पडतो तो आकाराचा, मऊपणाचा आणि वासाचा. मराठवाड्यात घरोघरी ज्वारी, तूर, हुलगा (म्हणजे कुळीथ) आणि शेंगदाणे असतात. न जेवणाऱ्या लेकरासाठी यापलीकडे फारसं काही विकत आणावं लागत नाही.

भाकरी लहान तोंडाला जड का जाते, हे आधी ध्यानात घेऊ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा ताण नसतो. गरम असताना भाकरी मऊ लागते, पण अर्ध्या तासात ती ताठ होते आणि घास चावता चावता तोंड कोरडं पडतं. सोबत पातळ भाजी असली तर लहान बोटांना घासही धरता येत नाही. अशा वेळी लेकरू नाही म्हणतं ते चवीला नसतं, कष्टाला असतं. म्हणून भाकरी द्यायची झाली तर तव्यावरून काढल्या काढल्या पापुद्रा सोडवून त्याला तूप लावा आणि गुंडाळी करून हातात द्या. तीच भाकरी दुपारी दोनला थंडगार वाढून आग्रह करू नका.

दुसरी गोष्ट भुकेची. सकाळी चहात बुडवलेली चार बिस्किटं, अकराला दुकानातली पाच रुपयांची पुडी आणि मध्येच ग्लासभर दूध झाल्यावर बाराला जेवण कसं जाणार? जेवणाआधी अडीच-तीन तास पाण्याशिवाय काही देऊ नका. दूध दिवसभरात अर्धा लीटरच्या आत ठेवा. दुधानं पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतंच. लहान लेकरांना चहा नकोच, कारण डाळी-भाजीतलं लोह अंगी लागायला तो अडथळा करतो. जेवताना भाजीवर लिंबू पिळलं तर उलट होतं, लोह जास्त शोषलं जातं. एवढं आठ-दहा दिवस नेमानं पाळलं तरी निम्मी तक्रार कमी होते. नवीन पदार्थ नंतर.

आता धपाटी. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी गव्हाचं, अर्धी वाटी डाळीचं. आठ लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची आणि छोटा चमचा जिरे जाडसर वाटून घ्या. मेथी वाटीभर, अगदी बारीक चिरलेली. दोन छोटे चमचे तीळ, पाव चमचा हळद, सपाट चमचाभर मीठ. अर्धी वाटी दही घालून कालवा आणि लागेल तसं पाणी घेऊन मऊ मळा. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा सैल हवं, बोट दाबलं की सहज आत गेलं पाहिजे. धपाटी कडक होतात त्याचं पहिलं कारण घट्ट पीठ. दुसरं कारण मंद आच: तव्यावर फार वेळ राहिलं की आतलं पाणी उडून जातं.

सुती फडकं ओलं करून पिळून पोळपाटावर पसरा. लिंबाएवढा गोळा घेऊन, बोटं पाण्यात बुडवत, वाटीच्या तोंडाएवढं धपाटं थापा. मोठं नको. लहान लेकराला अख्खं धपाटं आपलं वाटलं पाहिजे, मोठ्या धपाट्याचा तोडलेला चतकोर त्याला उरलंसुरलं वाटतो. मधोमध बोटानं एक भोक पाडा. फडकं उचलून धपाट्याची बाजू तव्यावर टाका आणि फडक्यावरून हलक्या हातानं पाणी लावत ते सोडवून घ्या. फडकं सुटत नसेल तर ते कोरडं पडलंय. ओढू नका, आणखी पाणी शिंपडा. भोकात आणि कडेनं तेल सोडा, मिनिटभर झाकण ठेवा, मग उलटून दुसरी बाजू उघडीच भाजा. मध्यम आचेवर एका बाजूला दीड-दोन मिनिटं पुरतात. या मापात लहान आकाराची पंधरा-सोळा होतात.

मेथीऐवजी किसलेली काकडी किंवा दुधी घालायचा असेल तर एक सांभाळा. मीठ लागलं की त्यांना पाणी सुटतं, आणि मळून ठेवलेलं पीठ पंधरा मिनिटांत चिखल होतं. कीस आधी घाला, त्याच्याच पाण्यात पीठ भिजवा आणि लगेच थापायला घ्या. सैल झालंच तर ज्वारीचं पीठ वाढवत बसू नका, धपाटी तुटायला लागतात. गव्हाचं दोन चमचे घाला.

पहिलं धपाटं तवा नीट तापेपर्यंत बहुधा फसतं, ते मोठ्यांनी खावं. लेकराला दुसरं द्या. आणि त्यात मेथी आहे हे त्याला सांगा. लपवून खाऊ घातलेली भाजी एकदा सापडली की लेकरू पुढं प्रत्येक घास उलगडून बघतं.

धपाट्यासोबत घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. घरात लेकरांसाठी चटणी वेगळी करा: वाटीभर दाणे मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजून, निवल्यावर सालं काढून, पाच-सहा लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरे, मीठ आणि रंगापुरतं अर्धा चमचा बेडगीचं तिखट. खलबत्त्यात कुटली तर दाण्याला तेल सुटून चटणी ओलसर, खमंग होते. मिक्सरमध्ये करायची तर थांबत थांबत फिरवा, सलग फिरवली तर लगदा होतो. तिखट लागलंच तर पाणी देऊ नका. तिखटाचा जाळ पाण्यानं जात नाही, दह्यानं किंवा दुधानं शमतो. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे मुळीच नकोत, श्वासनलिकेत अडकतात. कूट चालतं.

चावायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी, आजारातून उठलेल्यांसाठी चकोल्या, म्हणजे वरणफळं. पाऊण वाटी तूरडाळ हळद घालून मऊ शिजवा आणि घोटा. दीड वाटी गव्हाच्या पिठात मीठ, ओवा, हळद आणि दोन चमचे तेल घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. तेलात जिरे, लसूण, कढीपत्ता, थोडी चिंच आणि गूळ अशी फोडणी करून त्यात वरण घाला. सगळं मिळून सहा-सात वाट्या पातळ हवं. ते खळखळ उकळत असतानाच पोळी पातळ लाटून, शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून एकेक करून सोडा. मूठभर एकदम टाकले किंवा उकळी मंद असली तर ते एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो. कणीक सैल असेल तर तुकडे विरघळून खळ होते. दहा-बारा मिनिटांत तुकडा पारदर्शक होऊन वर येतो, तेव्हा झालं. वाढेपर्यंत चकोल्या पाणी पीत राहतात, म्हणून शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा आणि वाढताना सैल करा. गार पाणी घातलं की चव मरते. वरून तूप सढळ.

तुकड्यांचे आकार लेकराला कापू द्या. चौकोन वाकडे आले तर काय बिघडलं? आपण कापलेला तुकडा ताटात शोधता शोधता वाटी रिकामी होते.

याच कारणासाठी शेंगोळे मला फार मोलाचे वाटतात. वाटीभर हुलग्याचं पीठ, पाव वाटी ज्वारीचं, पाव वाटी गव्हाचं. लसूण-जिरे-मिरचीचं वाटण निम्मं पिठात, निम्मं फोडणीत. पीठ घट्ट मळायचं, तळहाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या वळायच्या आणि टोकं जोडून कडी करायची. हे काम पाच वर्षांचं लेकरू उत्तम करतं. फोडणीत पाच-सहा वाट्या पाणी उकळलं की शेंगोळे सोडा आणि पहिली पाच मिनिटं पळी घालू नका, नाहीतर मोडतात. थोडं पीठ पाण्यात कालवून शेवटी रश्शात ओता, म्हणजे तो दाट होतो. वीस मिनिटांनी एक शेंगोळा तोडून बघा. मध्ये कोरडं पीठ दिसलं तर अजून पाच मिनिटं लागतील. हुलगा कच्चा राहिला तर पोट दुखतं, इथं घाई नको.

शाळेतून आल्यावर पाच वाजताच्या भुकेला सुशीला, म्हणजे ओले करून फोडणीत परतलेले मुरमुरे. चार वाट्या मुरमुरे चाळणीत घेऊन वरून पाणी ओता, लगेच निथळवा, हातानं हलके दाबा. पाण्यात बुडवून ठेवले की संपलं, लगदा होतो. कांदा, कढीपत्ता, हळदीच्या फोडणीत परतून वर दोन चमचे डाळव्याचं, म्हणजे भाजलेल्या हरभरा डाळीचं, कूट घाला. ते उरलेली ओल शोषतं आणि पोटाला आधारही देतं. दहा मिनिटांचं काम आहे, पुडीच्या आधी हे हातात पडलं पाहिजे.

वाढण्याबद्दल. ताट भरून आणू नका. एक धपाटं, चार चकोल्या, चमचाभर चटणी एवढंच वाढा आणि मागितलं तर आणखी द्या. नावडती भाजी दोन चमचे ताटाच्या कडेला असू द्या, खा म्हणू नका. एखादी नवी चव पटायला दहा-पंधरा वेळा ती समोर यावी लागते, आणि बहुतेक घरांत तिसऱ्याच वेळी ‘याला आवडत नाही’ असं ठरून जातं. मोबाईल दाखवून भरवलेलं लेकरू पोट भरलंय का हे ओळखायला शिकत नाही. अर्ध्या तासानं ताट उचला, न रागावता. आणि लसणाची फोडणी लेकराला हाक मारायच्या वेळीच द्या. तो वास स्वयंपाकघरातून बाहेर गेला की अर्धं आमंत्रण झालेलं असतं.

वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं मीठ, तिखट, साखर, गूळ, मध काही नको. वजन दोन-तीन महिने वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल, वारंवार उलटी होत असेल तर पदार्थ बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता बघत जा, शेजारच्या लेकराशी तुलना करून काही कळत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं न जेवणंही असंच असतं, फक्त कारणं वेगळी: दात नाहीत, तोंड कोरडं, जिभेची चव मंद, आणि एप्रिल-मेच्या उन्हात भूकच मेलेली. त्यांच्यासाठी ज्वारीच्या कण्या, म्हणजे जाडसर भरडलेली ज्वारी. कण्या चाळून पीठ वेगळं काढा. पीठ राहिलं तर सगळं चिकट होतं. वाटीभर कण्या रात्रभर भिजवा, सकाळी पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवा, तळाला लागतात म्हणून हलवत राहा. कोमट झाल्यावरच ताक घाला, कढत कण्यांत घातलं तर फाटतं. वरून जिरे-लसणाची फोडणी. चव लागत नाही म्हणून मीठ वाढवू नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. जिरेपूड, लिंबू, थोडी जवसाची चटणी पुरते. एका वेळी मोठा वाडगा भरून समोर ठेवला तर तो बघूनच नको म्हणतात. छोटी वाटी द्या, दर दोन तासांनी, आणि प्रत्येक वेळी ताक नव्यानं कालवून, कारण सकाळी कालवलेलं दुपारपर्यंत आंबट होतं.