वाळूवर ठेवलेला सेन्सर

डिसेंबरअखेरीला शिरपूर तालुक्यातून एक केळीवाला शेतकरी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आला. थर्माकोलच्या डब्यात लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, वाढलेली मादी. "आठ दिन व्हयनात, काहीच खात नही." सातपुड्याच्या पायथ्याला पारा दहाच्या खाली गेला होता, केळीची पानं पिवळी पडत होती. थंडी बाधली असणार, हा त्याचा अंदाज साहजिक होता.

वजन 47 ग्रॅम. नोव्हेंबरात त्याच्याच वहीत 58 लिहिलेलं. हिवाळ्यात गेको थोडा मंदावतो, खाणं कमी करतो. तरी शेपूट जाड राहते आणि वजन फारसं हलत नाही. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर ती सुस्ती नव्हे, आजार. इथे वीस टक्क्यांच्या जवळ गेलं होतं. तिला पारदर्शक डब्यात ठेवून खालून पाहिलं. उताणं करण्यापेक्षा हे बरं, जनावर घाबरत नाही. पोटावर दीडेक सेंटीमीटरचा तपकिरी, कडक पट्टा आणि कडेला फोड. थंडीची म्हणून आणलेली मादी भाजली होती.

मोबाईलवर टाकीचे फोटो पाहिले आणि कोडं सुटलं. दोन बाय दीड फुटाची काचेची टाकी, खाली 14 वॅटची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, ती चालू-बंद करायला अंडी उबवणीच्या मशिनीत असतो तसला डिजिटल कंट्रोलर, 32 अंशांवर लावलेला. आत बांधकामाची चाळलेली वाळू, दोन इंच. आणि कंट्रोलरचा तापमान मोजणारा सेन्सर वाळूच्या वर. घरी त्याचा भाऊ होता. त्याला फोनवर सांगितलं, वाळू बाजूला सार, सेन्सरचं टोक काचेला लाव आणि दहा मिनिटं थांब. वाळूवर 22 दाखवणारा कंट्रोलर काचेवर 46 दाखवू लागला.

कोरडी वाळू ऊब वर येऊ देत नाही. खोली 12-13 अंशांवर आली की वरचा थर 32 गाठूच शकत नाही, म्हणून कंट्रोलर मॅट बंदच करत नाही. वर गारठा लागला की गेको ऊब शोधत उकरत खाली जातो आणि थेट तापलेल्या काचेवर बसतो. पोटाखाली चटका बसला तरी तो वेळेवर उठेलच असं नाही. कंट्रोलर बिघडला नव्हता, त्याला जे दिसत होतं त्यावर तो बरोबर चालत होता. उन्हाळ्यात हीच मांडणी निभावते, कारण खोलीच तीसच्या वर असते. म्हणून अशा केसेस थंडीतच दिसतात.

आधी तिला हळूहळू 29-30 अंशांवर आणलं. मग त्वचेखाली एक मिलीच्या आसपास कोमट सलाईन. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक त्यानंतरच, कारण अंगात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडावर बेततं. मात्रा किलोला 0.2 मिलिग्रॅम, 5 मिग्रॅ/मिलीचं इंजेक्शन पन्नास पट पातळ करूनही तिच्या वाट्याला जेमतेम 0.09 मिली आलं. हे घरी करायचं काम नव्हे. जखम सलाईनने धुऊन सिल्व्हर सल्फाडायझिन या भाजल्यावरच्या मलमाचा पातळ थर. हळद-तेल लावू नका, हे वेगळं सांगावं लागलं. खाणं अजून नाही: पोटात ऊब नसताना गेलेला किडा पचत नाही, कुजतो किंवा उलटून पडतो.

टाकीत वाळूऐवजी किचन पेपर घालायला सांगितला. मॅट काचेच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखालीच, आणि टाकी चार रबरी पायांवर किंचित उचललेली, म्हणजे मॅटची उष्णता कोंडत नाही. सेन्सर मॅटच्या बरोबर वर, आतल्या काचेवर पक्का चिकटवायचा. तो निसटून टाकीबाहेर पडला तर पुन्हा तीच गत. लपायच्या उबदार जागेची फरशी 31 ते 33, दुसरं टोक 24-25, रात्री 20 च्या खाली शक्यतो नको. मागे आणि दोन बाजूंना इंचभर थर्माकोल, मॅटखाली मात्र कधीच नाही. जाळीचं झाकण पाऊण भाग झाकायचं. खोलीत शेगडी ठेवायचा विचार त्याने बोलून दाखवला. केळीच्या बागेत धूर करतात ते उघड्यावर, बंद खोलीत तो माणसालाही मारतो.

लाईट जाण्याची धास्ती फार बाळगू नये. 14 वॅट घरचा इन्व्हर्टर रात्रभर सहज ओढतो. तोही नसेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टाकीला बाहेरून टेकवायची आणि त्या संध्याकाळी खायला घालायचं नाही.

खान्देशातली थंडी कोरडी असते आणि हीटरने हवा आणखी सुकते. म्हणून ओल्या कोकोपीटची लपायची एक डबी हवीच. नाहीतर कात बोटांवर अडकते, आवळते आणि बोटं झडतात. मोठ्या गेकोला आठवड्यातून दोन-तीनदा खाणं पुरतं. किडे कपाशीच्या शेतातून धरून आणायचे नाहीत, फवारणी त्यांच्या अंगावर असते. गव्हाच्या कोंड्यावर मीलवर्म, म्हणजे पिठातल्या अळ्या, घरी वाढवता येतात, वरून कॅल्शियम पावडर. वजनाला जळगावात सराफी वापराचा छोटा काटा सहज मिळतो.

जाता जाता त्याने विचारलं, डोंगरात अशीच दिसते ती आणली तर? सातपुड्यातली ती वेगळी जात, 2014 मध्ये विज्ञानाने नोंदवलेली. ती डोंगरातच राहू दे, म्हटलं.

तिने पुन्हा खाल्लं ते जखमेची खपली सुटायला लागल्यावर. पुढच्या दोन कातींत जखम भरली, वण राहिला. फेब्रुवारीत रात्रीचा गारठा कमी झाला की काचेचं तापमान पुन्हा मोजायला सांगितलं आहे.