आमची वाटचाल : ब्राँझची डाय आणि ओला श्रावण

इटलीत तयार होऊन तिथेच विकला जाणारा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा लागतो. १९६७ पासून तिथे तसा कायदा आहे. आमच्या भोसरीच्या पास्त्याच्या गाळ्यावर असा कायदा कुणी लादला नव्हता. आम्ही तो स्वतःहून पाळला आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली.

ड्युरम म्हणजे आपला बन्सी. पण उपम्यासाठी मिळणारा बन्सी रवा पास्त्याला चालत नाही. त्यात दाणे लहानमोठे असतात. बारीक दाणा पाणी आधी पितो, जाडा कोरडा राहतो आणि पास्त्यावर पांढरे ठिपके उमटतात. चक्कीवर दळावं तर रवा तापतो, स्टार्च दुखावतो आणि उकळताना पातेल्यात पेज होते. सांगलीकडच्या एका मिलवाल्या काकांनी आमच्यासाठी रोलरच्या चाळण्या बदलून एकसारखा बारीक रवा काढून दिला. पहिली चार पोती बिघडली, ती त्यांनी स्वतःच्या खर्चाने बदलून दिली. आज जो काही माल आमच्या नावावर खपतो, त्यात निम्मा वाटा काकांचा आहे.

शंभर किलो रव्याला तीस लिटरच्या आसपास पाणी. पोळीच्या कणकेसारखा गोळा होता कामा नये. मुठीत दाबला तर मुटका व्हावा आणि बोट लावताच फुटावा. पावसाळ्यात रवा आधीच ओल धरतो, तेव्हा लिटर-दोन लिटर हात आखडता घ्यायचा. यंत्रातली हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम नीट बसला नाही तर पिठात हवा राहते, रंग उडतो आणि शिजताना पास्ता तिथेच फुटतो.

डाय, म्हणजे पीठ दाबून पास्ता काढायची भोकांची चकती, आमची पहिल्या दिवसापासून ब्राँझची. त्यातून निघालेल्या पास्त्याचं अंग खरखरीत असतं, सॉस त्याला धरून राहतो. टेफ्लॉनच्या डायमधून माल गुळगुळीत, पिवळाधमक आणि भराभर निघतो. दुकानात दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली की आमचा फिकट, पीठ भुरभुरल्यासारखा माल लोकांना जुना वाटतो. हे दुःख आजही आहे. काम संपलं की डाय उतरवून लगेच पाण्यात बुडवायची, रोज पाणी बदलायचं. एक रात्र बाहेर राहिली तर भोकांतलं पीठ दगड होतं. मग कुणीतरी दाभण घेऊन बसतो, भोकाची कड ओरबाडली जाते आणि पुढे कायम त्या भोकातून वाकडी नळी येते. आमच्या एका डायवर अशी तीन भोकं आहेत. ती बुजवून चालवतो.

आता त्या श्रावणाबद्दल.

डायमधून निघालेल्या पास्त्यात तीस टक्क्यांच्या आसपास ओल असते. ती साडेबारा टक्क्यांच्या आत आणायची. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गावात पूर्वी भर रस्त्यात काठ्यांवर पास्ता वाळत घालत, समुद्राकडचा वारा आणि डोंगराकडचा वारा मिळून तो वाळवीत. (तिथल्या हलक्या फसफसत्या लाल वाइनलाही गावाचंच नाव आहे, ती थंड करून पितात.) आपल्याकडे शेवया-कुरडया चैत्र-वैशाखात घालतात, श्रावणात कुणी घालत नाही. आम्हाला मात्र हॉटेलांच्या वर्दीसाठी बारा महिने वाळवावं लागतं.

त्या वर्षी झड लागली. ड्रायर बाहेरची ओली हवाच आत ओढत होता. दोन दिवस झाले तरी माल वाळेना, आंबूस वास यायला लागला. घाबरून आम्ही हीटर वाढवला, एग्झॉस्ट पूर्ण उघडला. माल खणखणीत वाजायला लागला, पॅक केला, पाठवला. आठ दिवसांनी फोन सुरू झाले : पाकिटात चुरा आहे. वरचं अंग झपाट्याने कडक झालं होतं, आतली ओल अडकून पडली होती. ती सावकाश बाहेर यायला लागल्यावर ताण आला आणि प्रत्येक नळीवर केसासारख्या चिरा पडल्या. पॅक करताना अशी चीर दिसत नाही, हेच त्यातलं वाईट. सहाशे किलो माल परत आला. काकांची उधारी थकली, दोन पगार अडले.

त्याच आठवड्यात आमच्या औद्योगिक वसाहतीतला दुसरा एक उत्पादक आमच्या हॉटेलांमध्ये नमुने घेऊन फिरला. मैद्याचा माल, वर पिवळा रंग, पाकिटावर इटलीच्या झेंड्याचा हिरवा-पांढरा-लाल पट्टा, आणि किलोमागे वीस रुपये कमी. आमच्या मालाला बुरशी लागते, असंही सांगत होता. बुरशी कधीच लागली नव्हती. पाच गिऱ्हाइकं गेली, त्यांतली तीन अजून परतलेली नाहीत.

पणजीतल्या एका छोट्या रेस्टॉरंटच्या शेफनी मात्र तो तुटका माल पोत्याने मागवला. नेपल्समध्ये दुकानात उरलेला तुकडापास्ता एकत्र करून स्वस्तात विकायची जुनी रीत आहे. बटाट्याबरोबर किंवा पांढऱ्या घेवड्याबरोबर तो दाट शिजवतात. त्यांनी तोच पदार्थ मेनूवर लावला आणि पैसे पूर्ण दिले. आजही दर महिन्याला पहिली वर्दी त्यांचीच भरतो.

इलाज साधा निघाला. ड्रायरमध्ये आता दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओली वात; दोघांतल्या फरकावरून आतला दमटपणा कळतो. आधी वरचं पाणी पटकन उडवायचं, मग एग्झॉस्ट बंद करून मालाला निवांत ठेवायचं, म्हणजे आतली ओल वर येते. त्यानंतर ४५ अंशांच्या आसपास आतला दमटपणा हळूहळू उतरवत तीस-छत्तीस तास. बाहेरची हवा डीह्युमिडिफायरमधूनच आत घ्यायची. पॅकिंगआधी आठ दिवस माल पडू द्यायचा, मग उजेडासमोर धरून चिरा बघायच्या.

विकत घेणाऱ्यांनी एवढं करावं : शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. तेल घालू नका, गार पाण्याखाली धुऊ नका. ज्या खरखरीतपणासाठी आम्ही ब्राँझ वापरतो तो तुम्ही मोरीत घालवता. दोन मिनिटं आधी काढून सॉसमध्ये टाका, वर पळीभर तेच पाणी. आणि इटलीतल्या बोलोन्या शहराचा रागू, म्हणजे मांसाचा दाट सॉस, स्पगेटीवर घालू नका. तिथे त्याला टाल्यातेल्ले, म्हणजे अंड्याच्या पास्त्याची चपटी पट्टी, लागते. १९७२ साली तिथल्या व्यापार मंडळात तिची शिजल्यावरची रुंदी आठ मिलिमीटर अशी नोंदवून ठेवली आहे. आकाराबद्दल ती माणसं इतकी काटेकोर असतात, आणि बरोबरच असतात.

गेल्या वर्षापासून खपलीचा पास्ताही काढतो. खपली म्हणजे टस्कनीतल्या गार्फान्यानाचा फार्रो. तिचं ग्लुटेन हलकं असतं, म्हणून आखूड आणि जाड नळीच घ्या. खपलीची लांब स्पगेटी मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. ती काठीवरच तुटते.