वकील असून टीव्हीवरची कोर्टं बघता? तुम्ही विचारलंत म्हणून

सोसायटीत, लग्नात, अगदी दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले तरी हा प्रश्न येतोच, की तुम्ही पुण्यात शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करता, मग खरं कोर्ट टीव्हीत दाखवतात तसं असतं का आणि तुम्ही स्वतः असलं काही बघता का. तर बघते. आवडीनं बघते. सोनीवर २०१० मध्ये 'अदालत' सुरू झालं तेव्हा सासूबाई आणि मी दोघी बसायचो, रोनित रॉयचा के. डी. पाठक तपासही स्वतःच करायचा, साक्षीदारही स्वतःच फोडायचा, आणि सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या की तू काय करतेस गं दिवसभर.

हातोडा नसतो हे आधी सांगून टाकते. आपल्याकडे जज हातोडा आपटत नाहीत, गीतेवर हातही ठेवायला लावत नाहीत, १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराची शपथ घ्या नाहीतर नुसतं प्रतिज्ञेवर सांगा, झालं. पण हे किरकोळ आहे, त्याने माझं डोकं फिरत नाही.

खटकतं ते वेगळंच. टीव्हीत सगळं बोलण्यावर चालतं, आमच्याकडे कागदावर. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे तुमची बाजू तुमच्या तोंडून, ती तर २००२ च्या दुरुस्तीपासून टाइप केलेल्या ॲफिडेव्हिटवरच येते. उरला उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न. तिथे माणूस भरभरून बोलायला लागला की जजसाहेब थांबवतात आणि त्यातलं कामापुरतं स्टेनोला सांगतात. मागे एका वाटपाच्या दाव्यात एक काकू, भाऊ आईकडे कधी फिरकलासुद्धा नाही हे सांगताना पिंजऱ्यात रडल्या, सगळं कोर्ट गप्प. कागदावर आलं ते एवढंच: "हे म्हणणे खरे नाही की, प्रतिवादी हे आईची देखभाल करीत असत." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, अहो मॅडम, मी एवढं बोलले ते कुठंय? टीव्ही बघून आलेल्या माणसाला हे फार लागतं, तिथे रडणं हाच पुरावा असतो ना.

आणि हे शो आवडतात तेही नेमकं ह्याचसाठी. अमेरिकेतला 'जज ज्युडी' १९९६ ते २०२१ चालला, त्यातल्या ज्युडी शाइंडलिन आधी न्यूयॉर्कच्या फॅमिली कोर्टात खरोखरच्या जज होत्या. वादी-प्रतिवादी समोर उभे, मध्ये वकील नाही, आणि बाई थेट तोंडाकडे बघून विचारणार. कोणीतरी आपलं ऐकून घेतंय आणि खोटं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करतंय, बरेच अशील पैशापेक्षा ह्यासाठीच दावा लावतात, तोंडाने म्हणत नाहीत एवढंच. फक्त ते कोर्ट नव्हतंच, लवाद होता, दोघांच्या आधी सह्या घेतलेल्या, आणि निकालाची रक्कम हरणारा नाही तर कार्यक्रमवाले भरायचे. हरलात तरी खिशाला चाट नाही!

आपल्याकडे हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला की खरं काम सुरू होतं. समोरच्याने पैसे दिले नाहीत, ताबा सोडला नाही, की दरखास्त, म्हणजे निकाल अमलात आणायचा अर्ज, लावा, परत नोटीस, परत तारखा, बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, जातो तर दाराला कुलूप आणि शेजारी म्हणणार, गावाला गेलेत. ह्याच्यावर एपिसोड कोण काढणार, आणि काढला तर बघणार कोण, सासूबाईसुद्धा नाही बघणार.

टीव्हीच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारं काही असेल तर लोकअदालत. समोरासमोर बसा, मिटवा, कोर्ट फी परत, अपील नाही. पण तिथे कोणी कोणाला झापत नाही, दोघांनी थोडं थोडं सोडायचं असतं, त्यामुळे टीआरपी शून्य.

खरं बघायचंच असेल तर या की, थोडे अपवाद सोडले तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. मेट्रोने या, स्टेशन कोर्टाला लागूनच आहे, गाडी आणलीत तर पार्किंग शोधेपर्यंत लंच ब्रेक होईल. सुरुवातीला नुसता पुकारा आणि पुढच्या तारखा ऐकू येतील, कंटाळून उठू नका, पुरावा सुरू होईपर्यंत थांबा. फोन तेवढा सायलेंटवर ठेवा. वाजला तर साहेब जे बोलतील ते मात्र अगदी टीव्हीतल्यासारखं असतं.