चाकातला 'च' आणि एशियन स्टडीजची डिग्री

मे महिन्यात इथं अमेरिकेत पदवीदान झालं की विद्यापीठातले विभाग आपापल्या पोरांचा एक कागद काढतात. नाव, शिकलेल्या भाषा, प्रबंधाचा विषय, मिळालेली बक्षिसं आणि शेवटच्या रकान्यात 'पुढं काय'. एशियन स्टडीजचा, म्हणजे आशियातल्या भाषा आणि समाज शिकवणाऱ्या विभागाचा, कागद वाचताना नजर त्या शेवटच्या रकान्यावरच अडते. कुणी जपानी गावातल्या शाळेत शिकवायला निघालेलं असतं, कुणी वॉशिंग्टनला संशोधन साहाय्यक म्हणून. कुणी निर्यातीचे नियम सांभाळणाऱ्या कंपनीत, कुणी कायद्याला, कुणी ग्रंथालयशास्त्राला. आणि एखाद्या नावापुढं दोनच शब्द: पुणे, मराठी.

हे खरं आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही १९६१ साली उभी राहिलेली संस्था पुण्यात मराठी शिकवते. उन्हाळ्यापुरतं किंवा पूर्ण शैक्षणिक वर्षभर. तिथं येणाऱ्या बऱ्याच जणांचा खर्च शिष्यवृत्तीतून निघतो. ओहायोतली मुलगी मराठी शिकायला विद्यावेतन घेते, आणि आपल्याकडं सोलापुरात घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, बाजारात हिंदी-उर्दू बोलणाऱ्या पोराला बारावीनंतर आपण विचारतो, "भाषा घेऊन करणार काय?" या प्रश्नाचा राग येतो. पण नुसत्या रागानं कुणाची फी भरत नाही, म्हणून तपशिलात सांगायला हवं.

आधी भाषेचा हिशोब. अमेरिकी परराष्ट्र खात्याची शाळा इंग्रजी बोलणाऱ्याला जपानी, चिनी किंवा कोरियन कामापुरती यायला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले २,२०० तास धरते. कॉलेजात आठवड्याला पाच तास आणि वर्षाला तीस आठवडे पकडले तर दीडशे तास होतात. चार वर्षांत सहाशे. म्हणजे नुसत्या कॉलेजच्या वर्गांवर पोरगं पाव वाटेपर्यंतच पोचतं. ज्यांच्या नावापुढं बक्षिसं दिसतात त्यांनी उरलेले तास बाहेर भरून काढलेले असतात. एक उन्हाळा मिडलबरीसारख्या ठिकाणी, जिथं आठ आठवडे शिकत्या भाषेखेरीज दुसरी भाषा बोलायची नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि तिसरं वर्ष टोकियो, तैपेई किंवा सोलमध्ये. हे दोन्ही टाळणाऱ्याची डिग्री कागदावर तीच असते, पण मुलाखतीत पाच मिनिटांत फरक कळतो.

आता आपली बाजू. ते २,२०० तास इंग्रजीवाल्यांसाठी मोजलेले आहेत. 'वाताशी वा होन ओ योमिमासु' म्हणजे 'मी पुस्तक वाचतो'. कर्ता आधी, क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून चिकटणारे शब्द. मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हींची घडण अशीच. अमेरिकी मुलाचं पहिलं वर्ष ज्या उलट्या रचनेत जातं ती आपल्या पोराच्या अंगातच असते. चिनीत वाक्यरचनेचा हा फायदा नाही, पण उच्चारांत आहे. प-फ, त-थ, क-ख यांतला फरक चिनीत शब्दाचा अर्थ बदलतो आणि इंग्रजी कानाला तो पकडायला महिने लागतात. रोमन लिपीत 'झेड' लिहिला जाणारा चिनी उच्चार म्हणजे आपल्या 'चाक' मधला च. जपानी 'त्सु' तोच, 'चूक' मधला. अमेरिकी वर्गात या एका आवाजावर तास खर्च होतात. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, मात्र सगळ्यांना सारखीच: जपानमध्ये नेहमीच्या वापरासाठी ठरवलेली २,१३६ अक्षरं आणि चिनी सुरांची घोकंपट्टी, यात सवलत कुणालाच नाही.

पातळी दाखवताना आपली पोरं एक चूक हमखास करतात. बायोडेटात 'जपानी उत्तम' असं लिहितात. त्याला किंमत नाही. परीक्षेचं नाव, पातळी, महिना आणि वर्ष लिहावं. जपानीची जेएलपीटी परीक्षा सगळ्यात सोप्या एन-५ पासून सगळ्यात अवघड एन-१ पर्यंत असते, जुलै आणि डिसेंबरात होते, पुण्यात केंद्र आहे. एन-२ ला १८० पैकी ९० पुरतात, पण प्रत्येक भागात ६० पैकी किमान १९ लागतात. एकूण १२० मिळवून ऐकण्याच्या भागात १८ वर अडकलेला विद्यार्थी नापासच. पुस्तकं पाठ करणाऱ्यांचा घात नेमका तिथं होतो. या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासतच नाहीत, म्हणून नोकरी देणारा मुलाखत वेगळी घेतो. कोरियनच्या टॉपिक परीक्षेचा निकाल दोन वर्षंच चालतो. ती फार लवकर देऊन ठेवली तर अर्जाच्या वेळी हातात शिळा कागद उरतो.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायला हवं ती. सोलापुरातून दर हिवाळ्यात पालक अमेरिकी शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती पाठवतात: "हे बघा, चिनी शिकायला सगळा खर्च देतात." त्या जाहिराती खऱ्या असतात, फक्त आपल्यासाठी नसतात. १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडला, अमेरिका हादरली आणि १९५८ च्या कायद्यानं परकीय भाषांच्या शिक्षणाला सरकारी पैसा सुरू झाला. त्याच वाटेनं आलेली फ्लास शिष्यवृत्ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळत आली. क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप फक्त नागरिकांना. बोरेन फक्त नागरिकांना, आणि ती घेतली की किमान वर्षभर केंद्र सरकारची नोकरी करावी लागते. परदेशी तरुणांना जपानी शाळांत शिकवायला नेणारी, जपान सरकारची १९८७ पासून चालणारी जेट योजना नागरिकत्व ज्या देशाचं, त्याच देशातल्या जपानी वकिलातीमार्फत घेते. त्यामुळं अमेरिकेत शिकणारा सोलापूरकर अमेरिकी मुलांच्या रांगेत उभा राहू शकत नाही. परराष्ट्र खातं आणि गुप्तवार्ता विभागाच्या नोकऱ्यांचं तर विचारायलाच नको. म्हणजे त्या मे महिन्याच्या कागदावरच्या निम्म्या वाटा भारतीय पासपोर्टला पहिल्या दिवसापासून बंद असतात, आणि प्रवेशाच्या वेळी हे कुणी आपणहून सांगत नाही. वर्षाला लाखो रुपये भरणाऱ्या घराला ही माहिती पहिल्या पानावर मिळायला हवी.

आपल्यासाठी उघड्या असलेल्या वाटा वेगळ्या आहेत. बीजिंगमधली श्वार्झमन आणि तिथल्याच पेकिंग विद्यापीठातली येनचिंग या शिष्यवृत्त्या सगळ्या देशांना खुल्या आहेत. जपानची मेक्स्ट शिष्यवृत्ती भारतातून, दूतावासामार्फत मागता येते. तिच्यातला एक वर्षाचा प्रकार खास जपानी भाषा-संस्कृती शिकणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांसाठीच आहे. कोरियाची जीकेएस शिष्यवृत्ती आधी एक वर्ष भाषा शिकवते आणि टॉपिक तिसरी पातळी गाठल्यावर पदवीला पाठवते. तैवानची भाषा शिष्यवृत्तीही भारतीयांना मिळते. यातल्या एकीसाठीही अमेरिकेत येण्याची गरज नाही, हे अमेरिकेतूनच सांगणं भाग आहे.

तरीही यायचं ठरलंच तर व्हिसाचं गणित प्रवेशाआधी करावं. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर विषयाशी संबंधित काम करायला ओपीटीचे बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीतल्या विषयाला आणखी चोवीस. एशियन स्टडीज त्या यादीत नाही. सांख्यिकी आहे, इकॉनोमेट्रिक्स आहे. म्हणून दोन मेजर, म्हणजे दोन मुख्य विषय, घ्यावेत. मायनर, म्हणजे जोडविषय, चालत नाही, हे अनेकांना शेवटच्या सत्रात कळतं. दुसरा मेजर पदवीच्या आधी जाहीर करून आय-२० वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, नोंदवून घ्यायचा. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, पण विद्यापीठाच्या अधिकाऱ्यानं शिफारस नोंदवल्यापासून तीस दिवसांत तो पोचला पाहिजे. पहिल्या वर्षात मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. हे नियम बदलत असतात, अर्जाच्या आठवड्यात पुन्हा वाचावेत.

दोन मेजर जमवताना वेळापत्रक मोडतं ते असं. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि एशियन स्टडीज त्यातले तीस-चाळीस घेतं, त्यामुळं जागा असते. पण भाषेचा पहिला वर्ग बहुतेक ठिकाणी ऑगस्टलाच सुरू होतो. तो चुकला की वर्ष गेलं. सांख्यिकीला आधी कॅल्क्युलस लागतं. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत भाषा आणि गणित दोन्ही रेटायचं, तिसरं वर्ष परदेशी, चौथं प्रबंधाला. उलट क्रम लावला की पाचव्या वर्षाची फी भरावी लागते.

भाषेच्या जोडीला दुसरं हत्यार हवं, हे इथले सल्लागार नवं शहाणपण म्हणून सांगतात. सोलापूरला ते नवं वाटू नये. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले आणि चार परत आले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथंच राहिले, चिनी लिहायला-बोलायला शिकले, चिनीतून वैद्यकीचे वर्ग घेतले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. वैद्यकी आणि चिनी, दोन्ही एका माणसात होती म्हणून ते काम झालं. नुसत्या भाषांतराचं साधं काम आता यंत्रं करतात. करारातलं कलम, पेटंटचा दावा, कारखान्यातली तपासणी इथं विषय आणि भाषा दोन्ही जाणणारं माणूस लागतं. टॉवेल निर्यात करणाऱ्या शहराला हे वेगळं समजवायला नको.

ग्रंथालयाच्या वाटेबद्दल थोडं, कारण तिचा विचार कुणी करत नाही. अमेरिकी विद्यापीठांत मराठी पुस्तकांचे रॅकच्या रॅक दिसतात. पीएल ४८० या अमेरिकी धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेला गहू आपण रुपयांत विकत घेतला. त्यातल्या काही रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं भारतात पुस्तकं खरेदी करून इथल्या ग्रंथालयांना पाठवली. ही पुस्तकं ओळखून, नोंदवून ठेवायला आशियाई भाषा वाचणारे ग्रंथपाल लागतात. जागा कमी असतात, पण आशियाई लिपी वाचता येणारे अर्जदारही कमी असतात.

शेवटी प्रबंध, कारण बक्षीस त्यालाच मिळतं. परीक्षकांना मूळ भाषेतली साधनं हवी असतात. इंग्रजी पुस्तकांवर इंग्रजीत लिहिलेली ऐंशी पानं मागं पडतात. सोलापूरच्या पोराकडं विषय दारात आहेत: १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ चे चार हुतात्मे, पंढरपूरची वारी, पूर्व भागातले पद्मशाली विणकर. मार्शल लॉवर सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रं मराठीत. दोन्ही वाचणारा अमेरिकी वर्गात क्वचितच असतो. पण जिवंत माणसांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर विद्यापीठाच्या नीतिमंडळाची परवानगी आधी लागते. उन्हाळ्यात घरी येऊन विणकरांशी बोलायचं आणि सप्टेंबरात परवानगी मागायची, असं चालत नाही. आधी जमवलेलं सगळं वापरायला बंदी होते. त्यामुळं अर्ज फेब्रुवारीतच टाकायचा. सोबत संमतीपत्र, आणि तेही मुलाखत देणाऱ्याच्या भाषेत. त्याचा तेलुगू मजकूर इंग्रजीवरून शब्दाला शब्द लावून केलेला असेल तर मागावर बसलेल्या माणसाला कळत नाही. तो पाठवण्याआधी घरातल्या आजीला वाचून दाखवावा, आणि ती जिथं "म्हणजे काय?" म्हणेल तिथं पुन्हा लिहावा.