ऑक्सफर्डमधला एक चौकोन आणि हिमालयातला तेरडा

ऑगस्टच्या शेवटी बहिणीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा ऑक्सफर्डच्या हौशी वनस्पती-अभ्यासकांबरोबर दिवसभर नोंदी घेत फिरले. नकाशावरचा एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा चौकोन घ्यायचा आणि त्यात आपलं आपण उगवलेलं सगळं लिहून काढायचं. गवतं, नेचे, भिंतीच्या फटीतलं रोपटंसुद्धा. वाफ्यात लावलेलं मात्र मोजायचं नाही. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं अशा नोंदी केल्या, त्यातून 2023 साली ब्रिटन आणि आयर्लंडचा वनस्पतींचा ॲटलास निघाला. ब्रिटनपुरतं बघितलं तर मूळच्या 1,692 जाती आणि बाहेरून आलेल्या 1,753!

सुरुवातीलाच माझी चूक झाली. स्टेशनजवळच्या भिंतीवर पिवळी फुलं दिसली, मी ‘रॅगवर्ट’ लिहून पुढे निघाले. गटातल्या एका आजींनी थांबवलं, ‘कुठला रॅगवर्ट?’ फूल उलटं करून भिंग लावलं. पाकळ्यांखालच्या हिरव्या पेल्यावरच्या बारीक पानांची टोकं काळी, शाईत बुडवून काढल्यासारखी, एकूण एक. हा ऑक्सफर्ड रॅगवर्ट. मूळ सिसिलीचा, एटना ज्वालामुखीकडचा. अठराव्या शतकात इथल्या विद्यापीठाच्या बागेतून बाहेर पडला, आणि रेल्वे आल्यावर रुळांच्या खडीतून देशभर गेला. ती खडी त्याला लाव्ह्यासारखीच मानवली. पुढे ग्राउंडसेल नावाच्या इथल्या तणाशी त्याचा संकर होऊन एक नवीच जात जन्मली. ती 1948 मध्ये वेल्समध्ये सापडली. ब्रिटनबाहेर ती कुठेच नाही. मग तिला परकी कशी म्हणायची? शेतातली लाल पॉपीसुद्धा माणसाबरोबरच आलेली, पण 1500 सालाच्या आधी, म्हणून तिचा गट वेगळा धरतात. त्यामुळे ‘मूळची की आलेली’ हे जागेवर ठरवत बसू नका. आधी जात नीट ओळखा.

दुपारी नदीकाठी आलो आणि माझे पाय थबकले. डोक्याच्या वर गेलेला, गुलाबी फुलांचा तेरडा! आपल्या अंगणातला नव्हे, त्याचा हिमालयातला भाऊबंद. 1839 साली शोभेसाठी इथे आणलेला. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतो आपण, पण इथे तो जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत टिकतो. काठावर दुसरं काही उगवू देत नाही, आणि थंडीत मेला की उघडी पडलेली माती पाण्याबरोबर जाते. पिकलेल्या बोंडाला बोट लावलं तर ते टचकन फुटून वळलं आणि बिया उडाल्या. सात मीटरपर्यंत जातात म्हणे, आणि गेल्याच असतील, मला एकही पडताना दिसली नाही. बी धरण्याआधी तो मुळासकट उपटायला लोक जमतात हे ऐकून वाईट वाटलं. तरी त्या काठावर त्याच्याखाली दुसरं काहीच नव्हतं, हे मी पाहिलं.

कुणी जाणार असाल तर बोटॅनिकल सोसायटी ऑफ ब्रिटन अँड आयर्लंडच्या संकेतस्थळावर त्या त्या भागाचे रेकॉर्डर, म्हणजे तिथल्या नोंदी सांभाळणारे, सापडतात. त्यांना आधी लिहा, नवख्यांना ते सांभाळून घेतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पेन्सिल, पावसात टिकणारी वही एवढं पुरे. काय, कुठे, कधी, कुणी पाहिलं, या चारातलं एक जरी राहिलं तरी नोंद वाया जाते. ‘कुठे’साठी नकाशाचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे त्या जागेचा अक्षर-आकड्यांतला पत्ता, लिहा, फोनवर मिळतो. दुर्मिळ फुलांच्या मागे धावताना पायाखालचं साधं गवत लिहायचं राहून जातं, तेवढं होऊ देऊ नका. आज साधं असलेलं उद्या कमी झालं, हे त्या नोंदीवरूनच कळणार आहे.

जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे, फोटोवर भागवा. उन्हाळ्यातही लांब पँट घाला, गवतात गोचिडी असतात. नदीकाठी माणसापेक्षा उंच, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं जायंट हॉगवीड दिसलं तर लांबच राहा. त्याचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की फोड येतात.

आणि निघण्याआधी बुटांचे तळवे खरवडा, पँटची दुमड झटका. माझ्या दुमडीतून तेरड्याच्या दोन काळ्या बिया निघाल्या.