‘पाडा’ म्हणणारा नको होता

वाईतल्या आमच्या वाड्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात फुगली. १० वर्षांपूर्वी काकांनी हौसेनं तिला सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. विटा-मातीच्या भिंतीतली ओल बाहेर पडायची वाटच बंद झाली.

तीन ठेकेदार बोलावले. पहिला अंगणातूनच म्हणाला, "पाडा, स्लॅब टाकू." दुसऱ्यानं मोबाइलवर फोटो दाखवले, सगळे चकाचक, सगळे नव्या बंगल्यांचे. आत्यानं त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तिसरा आला तो थेट तुळईच्या टोकाशी गेला, जिथं ती भिंतीत शिरते. लाकूड आधी तिथंच कुजतं. बोटांनी वाजवून पाहिलं. पोकळ आवाज आला. म्हणाला, "ताई, अख्खी बदलायची गरज नाही. कुजलेलं हातभर कापून सागाचाच जोड देऊ. चुना मात्र निदान १५ दिवस मुरवणार. घाई असेल तर दुसरा बघा."

दर त्याचाच सगळ्यांत जास्त. तरी त्यालाच सांगितलं, पण आधी एकाच खोलीचं काम, आणि पैसे काम होईल तसे. सध्या परसात चुन्याचं टाकं भरलंय आणि आत्या दिवसभर मांजराला तिथून हाकलत बसलीय.