भिशी किती भरायची? कॅरव्हॅन क्लब आणि आमच्या घरचा हिशोब

यंदा चार वर्षांनी सोलापूरला गड्ड्याच्या यात्रेला येणं जमलं. अक्षता सोहळा बघितला, होम मैदानावर दोन तास धूळ खाल्ली, पोरांना पाळण्यात बसवलं, आणि घरी येऊन पाय पण धुतले नव्हते तोवर फोनवर मेल, तुमची मेंबरशिप संपत आलीये, रिन्यू करा. बाबा शेजारीच बसलेले. त्यांनी पस्तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहिलेत, त्यामुळे कुणाच्याही फोनवर आकडा दिसला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. "कशाचे गं साठ पौंड?" झालं. तिथून पुढचे दोन दिवस घरात माझ्या कॅरव्हॅन क्लबचाच विषय.

आधी थोडं मागचं सांगते. आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीला राहतो. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाकडून जुनी कॅरव्हॅन घेतली, साडेचार हजार पौंडाला. चार जण झोपतील एवढी, आत गॅस, फ्रीज, बेसिन, छोटंसं टॉयलेट, आणि तिला स्वतःचं इंजिन नाही, कारच्या मागे जोडून ओढायची. सोलापुरात फोटो दाखवला की सगळे व्हॅनिटी व्हॅन म्हणतात. एकट्या मामाला बरोबर कळलं. मामा वेळापूरचा, कारखान्याला ऊस घालतो. फोटो बघून म्हणाला, "म्हंजे ट्रॉलीच की. उसाची न्हाई, माणसाची."

आणि खरं सांगू का, कॅरव्हॅन मागे घ्यायला मला मामानंच शिकवलं, व्हिडिओ कॉलवर. पहिल्या ट्रिपला माझी अशी फजिती झाली होती की कॅरव्हॅन एकीकडे, कार दुसरीकडे, मध्ये मी रडवेली, आणि आजूबाजूचे म्हातारे ब्रिटिश लोक खुर्च्या टाकून चहा पीत बघायलेत. मामाला फोन लावला तर म्हणाला, मागचं टोक जिकडं न्यायचंय त्याच्या उलटं स्टेअरिंग फिरव, थोडंच फिरव, आणि ती वळायला लागली की गाडी तिच्या मागं मागं जाऊ दे. "डबल ट्रॉली असती तर मी पण सोडून ढकलली असती, तुझी तर एकच हाय, रडतीस कशाला?" क्लबवाले ह्याचे पण कोर्स घेतात, त्याचे पैसे वेगळे. माझा फुकटात झाला.

लायसन्सबद्दल बरेच जण विचारतात म्हणून सांगून टाकते. आपल्या भारतातल्या लायसन्सवर तिथं एकच वर्ष गाडी चालवता येते, नंतर तिथली टेस्ट पास व्हावीच लागते. पूर्वी १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना जड कॅरव्हॅन ओढायची तर आणखी एक वेगळी टेस्ट होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाली, आता साध्या कारच्या लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर चालतो, अर्थात तुमची कार तेवढं ओढू शकत असेल तर. मोटरवेवर ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही, आणि तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडच्या लेनमध्ये घुसायचं नाही. पुण्याला जाताना आपले ट्रकवाले ज्या लेनमध्ये मुक्काम करतात ना, तीच ती.

आता क्लब. मोठे दोन आहेत. एक कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब, तो १९०१ सालचा, सुरुवात केली थॉमस हायरम होल्डिंग नावाच्या माणसानं, तेव्हा सायकलवर तंबू बांधून फिरणाऱ्या लोकांसाठी होता. हा होल्डिंग धंद्यानं टेलर. हे ऐकून बाबा एकदम खूश, सोलापूर म्हणजे युनिफॉर्म शिवणाऱ्यांचं गाव, टेलर म्हटलं की आपलाच माणूस. दुसरा कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब, तो १९०७ चा. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही दोन्हीकडे मेंबर झालो, १९०७ वाल्याकडे साठच्या आसपास, १९०१ वाल्याकडे पन्नासच्या. वर्षाचे एकशेदहा पौंड. बाबांनी लगेच रुपयात केले आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

आज्जी मात्र एकदम मुद्द्यावर आली. आज्जीनं बारा-तेरा वाऱ्या केल्यात, तिला म्हटलं की आज्जी, तिकडं लोक फिरायला जातात, रात्री ठरलेल्या जागी उतरतात, तिथं पाणी असतं, संडासची सोय असते, आणि त्यासाठी वर्षाचे पैसे आधी भरायचे. आज्जी म्हणाली, "म्हंजे दिंडीची भिशी." बरोब्बर तेच! दिंडीत नाव लावलं, भिशी भरली की तंबूत जागा आणि पंगतीत पान. पुढचा प्रश्न, "आन जेवण?" जेवण नाही आज्जी, आपलं आपण करायचं. "मग कसली भिशी ती?"

बरं, बाबांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. गेल्या वर्षी आम्ही एकूण सतरा रात्री बाहेर होतो. त्यातल्या नऊ क्लबच्या स्वतःच्या साइटवर, म्हणजे कॅरव्हॅन उभी करून राहायच्या जागेवर, पाच शेतातल्या छोट्या साइटवर, तीन एका खाजगी ठिकाणी जिथं क्लबबिब काही लागत नाही. क्लबच्या साइटवर मेंबर नसलेल्यांना पण घेतात, पण रात्रीला साधारण बारा-पंधरा पौंड जास्त. नऊपैकी सात रात्री साठवाल्या क्लबच्या, म्हणजे बारानं धरले तरी चौऱ्याऐंशी वाचले, फी वसूल होऊन वर चोवीस. दुसऱ्याकडे दोनच रात्री, पन्नास भरून पंचवीस पण वसूल नाहीत. मी म्हटलं, बघा, म्हणजे एक ठेवायचा, एक सोडायचा, संपलं.

बाबा पेन ठेवतच नाहीत. म्हणाले, "वाचले वाचले म्हणतीस, पण क्लब नसता तर तू त्या साइटवर गेली असतीस का?"

आता ह्याचं उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला. कारण नसते गेले. क्लबच्या साइट म्हणजे एकदम टापटीप, गवत कापलेलं, बाथरूम असं चकाचक की आपल्या घरचं लाजेल, प्रत्येक जागेला खुंटी ठोकलेली, दोन कॅरव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर पाहिजे म्हणजे पाहिजे, आग लागली तर पसरू नये म्हणून. वॉर्डन पती-पत्नी असतात, प्रेमळ असतात, पण रात्री उशिरा जोरात हसलात तर येऊन सांगतात. आणि शाळेच्या सुट्टीत मेंबरला सुद्धा रात्रीचे पस्तीसेक पौंड पडतात. ती खाजगी जागा होती ना, तिथं नळ साधा, बाथरूमला दार नीट लागत नव्हतं, पण अठ्ठावीस. मग वाचले कुठं? बाबांचं म्हणणं, सेलमध्ये साडी घेऊन हजार रुपये वाचले म्हणणाऱ्यातली तू. आई आतून ओरडली, साड्यांचं नाव घेऊ नका.

पण शेतातल्या त्या पाच रात्री राहतात ना. त्यांच्यासाठी मी भांडले.

काय आहे, इंग्लंडमध्ये कुणी आपल्या शेतात कॅरव्हॅनची साइट चालवायची म्हटलं तर कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागतं, १९६० चा कायदा आहे. पण त्याच कायद्यात एक पळवाट ठेवलीये, चांगल्या अर्थानं. सरकारनं मान्यता दिलेला क्लब असेल तर तो एखाद्या शेतकऱ्याला सर्टिफिकेट देऊ शकतो, मग त्या शेतात एका वेळी पाच कॅरव्हॅनपर्यंत उतरता येतं, साइटचं लायसन्स न काढता. मुख्य अट ही, उतरणारे त्या क्लबचे मेंबर पाहिजेत. म्हणजे इथं मेंबर नसलेल्यांना जास्त पैसे असा प्रकारच नाही, सरळ प्रवेशच नाही. १९०७ वाल्याच्या अशा जागा दोन हजारांच्या वर आहेत, दुसऱ्याच्याही भरपूर. अशी मान्यता असलेले लहान लहान क्लब पण बरेच आहेत म्हणे, ते पुढच्या वर्षी बघेन.

आम्ही गेलो ती जागा डोंगराच्या बाजूला, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. एक शेत, दगडी बांध, कोपऱ्यात नळ, विजेचं कनेक्शन, आणि टॉयलेटची टाकी रिकामी करायला एक झाकण असलेला खड्डा. बस, एवढंच. बाथरूम नाही, ऑफिस नाही, वॉर्डन नाही, सकाळी शेतकरीणबाई येऊन सोळा पौंड घेऊन गेल्या आणि सहा अंडी देऊन गेल्या. आमच्याशिवाय तिथं एकच जोडपं. रात्री इतकी शांतता की धाकट्याला झोप येईना, म्हणाला मेंढी रवंथ करताना ऐकू येतीये.

पाणी मात्र भरावं लागतं. चाळीस लिटरचं गोल पिंप असतं, ते नळावर भरायचं आणि गडगडत कॅरव्हॅनपर्यंत आणायचं. तिकडचे लोक ह्याला कष्ट म्हणतात. मी सोलापूरची आहे, चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणार म्हणून पहाटे उठून पिंपं, बादल्या, कळश्या, पातेली भरत वाढलेली, मला चाळीस लिटर म्हणजे काहीच नाही, उलट नळ कधीही उघडला तरी पाणी येतंय ह्याचंच मला अप्रूप.

टॉयलेटच्या टाकीवर मात्र आई अडली. "म्हणजे ती टाकी तुम्ही स्वतः काढून, हातानं नेऊन रिकामी करता?" हो. "जावई?" हो, जास्त करून तेच. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्याच्यासाठी इंजिनियर केलं होतं त्याच्या आईवडिलांनी?" मी म्हटलं आई, तिथं सगळेच करतात, शेजारचे आजोबा रिटायर्ड सर्जन होते, रोज सकाळी टाकी हातात घेऊन गुड मॉर्निंग म्हणायचे. आईला त्यानं काही बरं वाटलेलं दिसलं नाही.

आणि एक गोष्ट बाबांनी शेवटी काढलीच, जी मला आधी सुचायला पाहिजे होती. कॅरव्हॅन ठेवायला डर्बीत घरासमोर जागा नाही, यार्डचं भाडं वर्षाला चारशे. इन्शुरन्स अडीचशे. सर्व्हिसिंग आणि आत कुठं ओल धरलीये का ते तपासून घ्यायचे दोनशे. टायर झिजलेले नसले तरी पाच-सहा वर्षांत बदलायचे, उभ्या उभ्या चिरतात ते. साडेआठशे पौंड तर गाडी हलायच्या आत गेले, सतरा रात्रींवर पसरले तरी रात्रीला पन्नास, आणि तुम्ही साठ पौंडावरून दोन दिवस घर डोक्यावर घेतलंय! असं तेच मला म्हणाले, म्हणजे विषय सुरू करणारे पण तेच. एवढ्या पैशात हॉटेल मिळतं हे मला मान्य आहे. पण हॉटेलात पोहे करता येत नाहीत, आणि पावसात भिजून आल्यावर कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून, पाय वर घेऊन, खिडकीतून दुसऱ्याच्या मेंढ्या बघत बसता येत नाही. हे मी बाबांच्या पानावर कुठल्या रकान्यात लिहू?

तर ठरलं असं, साठवाला ठेवायचा, आमच्या बाजूला त्याच्या शेतातल्या जागा जास्त आहेत म्हणून. पन्नासवाला सोडायचा. तुम्ही तिकडे असाल आणि विचार करत असाल तर आधी नकाशावर बघा, तुमच्या घरापासून दोन तासांत कुणाची शेतं जास्त आहेत, आणि वर्षात पाच रात्री तरी निघणं होतं का हे नवऱ्याला नाही, स्वतःला विचारा. आंघोळीला मोठं बाथरूम लागतंच अशी माणसं घरात असतील तर खाजगी साइट बघत फिरा, क्लबची काही गरज नाही.

पैसे भरायला बसले तर बँकेचा ओटीपी ब्रिटिश नंबरवर, आणि त्या सिमला इथं रेंज नाही. म्हणजे डर्बीला गेल्यावरच.

तेवढ्यात मामाचा फोन. त्याला कुणीतरी सगळं सांगितलेलं. "एका गाडीचे रात्रीला सोळा पौंड? नुसतं वावरात उभं राह्यचे?" मामाच्या शेतात दरवर्षी आषाढात एक दिंडी मुक्कामाला उतरते, दोन-अडीचशे माणूस, मामा टँकर आणतो आणि मामी पिठलं-भाकरी घालते, आजवर एक रुपया घेतला नाही. मला वाटलं आता ह्यावर ऐकून घ्यावं लागणार. पण तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आन ते टाकीचं पाणी? ते वावरात सोडत न्हाईत न्हवं?"

नाही मामा, वेगळा खड्डा असतो, झाकणाचा.

"मग ठीक हाय," म्हणाला. "त्यो खड्डा कसा बांधत्यात त्येचा फोटू काढून धाड."